भूकंपाचा नकाशा आणि तुमच्या इमारतीचे कॉलम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठेही जमीन हलली की दोन-तीन दिवस व्हॉट्सॲपवर रंगीत नकाशा फिरतो आणि जो तो आपलं गाव कोणत्या रंगात, म्हणजे भूकंपाच्या धोक्याच्या कोणत्या झोनमध्ये आहे ते शोधत बसतो. पुढचे प्रश्न साइटवर, सोसायटीच्या सभेत आणि गावाकडे घर बांधायला काढलं की हमखास येतात. इथले आकडे आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतले आहेत. मानक अधूनमधून सुधारलं जातं, तेव्हा प्रत्यक्ष कामाच्या वेळी लागू असलेली आवृत्ती आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावी.

आमचं शहर कोणत्या झोनमध्ये येतं?

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, सोलापूर ही झोन ३ मध्ये येतात. गोवाही झोन ३ मध्येच. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर झोन २. कोयनेचा परिसर झोन ४. झोन ५ महाराष्ट्रात कुठेही नाही. तो कच्छ, ईशान्य भारत, हिमालयाचे काही पट्टे आणि अंदमान-निकोबारच्या वाट्याला आलेला आहे. झोन १ कुठे गेला असं विचाराल, तर २००२ मध्ये तो रद्द करून झोन २ मध्ये मिसळला.

संपूर्ण जिल्हा एकाच झोनमध्ये असतो असं समजू नका. नकाशावरच्या रेघा तालुक्याच्या हद्दी पाहून ओढलेल्या नाहीत. गाव रेघेच्या आसपास असेल तर वरचा झोन धरून डिझाइन करावं. त्यात खर्च वाढतो तो थोडाच.

झोन ३ म्हणजे किती रिश्टरचा भूकंप होणार?

झोनचा आकडा रिश्टरचा नसतो. रिश्टर, किंवा आता शास्त्रज्ञ वापरतात ती मॅग्निट्यूड, ही जमिनीखाली किती ऊर्जा सुटली याचं मोजमाप. एका भूकंपाची मॅग्निट्यूड एकच. तुमच्या दारात जमीन किती हलली ती तीव्रता, आणि ती गावागणिक वेगळी. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप ७.७ मॅग्निट्यूडचा होता. त्यात भचाऊ जमीनदोस्त झालं, दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत काही इमारती कोसळल्या आणि बऱ्याचशा उभ्या राहिल्या, तर मुंबईत पंखे हलले. भूकंप तोच, तीव्रता तीन ठिकाणी तीन तऱ्हांची.

झोनचा संबंध या तीव्रतेशी आहे. एमएसके नावाच्या मापनपद्धतीनुसार झोन २ मध्ये ६, झोन ३ मध्ये ७, झोन ४ मध्ये ८ आणि झोन ५ मध्ये ९ किंवा त्याहून जास्त तीव्रता गृहीत धरलेली असते.

किल्लारी तर सगळ्यात सुरक्षित झोनमध्ये होतं. मग या नकाशावर विश्वास कशाला ठेवायचा?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर टाळून पुढे जाता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून माणसं घरी येऊन झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास ६.२ मॅग्निट्यूडचा धक्का बसला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं मेली. त्या वेळच्या नकाशात हा सगळा भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या भागात.

तो नकाशा मुख्यतः मागच्या भूकंपांच्या नोंदींवर आणि भूगर्भाच्या ढोबळ माहितीवर आखलेला होता. हिमालयात भारतीय भूखंड आशियाच्या भूखंडाखाली सरकतो आहे, तिथे मोठे भूकंप वारंवार होतात, त्यांच्या नोंदी आहेत. दख्खनच्या पठाराखालच्या खडकातही ताण साठतो, पण इतका हळू की एकाच जागी दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात. आपल्या लेखी नोंदी फार तर काही शतकांच्या. नोंद नाही म्हणून नकाशात रंग फिका, आणि रंग फिका म्हणून तिथे कोणी घराच्या बांधणीकडे त्या नजरेने पाहिलं नाही.

किल्लारीनंतर नकाशाची फेरतपासणी सुरू झाली आणि २००२ च्या आवृत्तीत तो परिसर झोन ३ मध्ये गेला. आपल्याकडचा नकाशा असाच बदलत आला आहे, माणसं दगावल्यावर. त्याला देशातल्या भूकंपांचा आजवरचा जमाखर्च म्हणा, पुढचं भविष्य म्हणू नका. तरीही तो फेकून द्यायचा नाही, कारण इमारत किती जोराला टिकायला हवी याचा एक किमान आकडा सगळ्यांना लागू करायला दुसरं साधन हाताशी नाही. किमान म्हणजे किमान. तोच कमाल धरून बिल्डरने काटकसर केली, तर तो दोष नकाशाचा नाही.

हा नकाशा पहिल्यांदा केला कोणी?

याची सुरुवात बलुचिस्तानात होते. १९३१ मध्ये तिथे माच गावाजवळ भूकंप झाला आणि रेल्वेच्या बांधकामांचं नुकसान झालं. एस. एल. कुमार नावाच्या रेल्वेतल्या इंजिनिअरने क्वेट्ट्यात भूकंपाचा विचार करून रेल्वेची घरं बांधली, आणि १९३३ मध्ये आपल्या निबंधात भारताचे भूकंपप्रवण पट्टे दाखवणारा नकाशा छापला. कोणत्या पट्ट्यात इमारतीच्या वजनाचा कितवा हिस्सा आडवा जोर म्हणून धरावा, तेही त्यात होतं. ३१ मे १९३५ ला क्वेट्टा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. हजारो माणसं मेली. कुमारांच्या पद्धतीची घरं मात्र पडली नाहीत. भारतातल्या भूकंपरोधक बांधकामाचा एवढा चोख पुरावा पुढे क्वचितच मिळाला असेल. तरी आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांना कुमार हे नाव सहसा ठाऊक नसतं.

१९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९३५ मध्ये देशाचा नकाशा काढला. १९६२ मध्ये आयएस १८९३ आलं, त्यात ० ते ६ असे सात झोन होते. शून्य झोन म्हणजे तिथे भूकंपाचा विचारच नको. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तो समज मोडला आणि १९७० च्या आवृत्तीत शून्य हद्दपार होऊन पाच झोन उरले. २००२ मध्ये चार.

कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला का?

धरणातल्या पाण्याने त्याला निमित्त दिलं, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. शिवाजीसागर जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला आणि त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ मॅग्निट्यूडचा मोठा धक्का बसला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली. खडकात ताण आधीपासून होता. पाण्याचं वजन आणि भेगांतून झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी तो सुटण्याची वेळ जवळ आणली. या परिसरात धक्के अजून बसतात. म्हणूनच गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकाचा अभ्यास झाला आणि कराडजवळ त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली.

कोडच्या, म्हणजे या मानकाच्या दृष्टीने कोयनेचा धडा वेगळा आहे. १०३ मीटर उंचीचं ते धरण डिझाइन करताना भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या ०.०५ पट धरला होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे पठारावर एवढंही पुष्कळ होतं. भूकंपाच्या वेळी धरणातच बसवलेल्या यंत्राने ०.६३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट एवढं कमाल त्वरण नोंदवलं. धरणाच्या वरच्या भागात, जिथे छेद एकदम अरुंद होतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. धरण फुटलं नाही. नंतर त्याला मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकट केलं. हा परिसर झोन ४ मध्ये गेला तो त्यानंतर.

मोठी धरणं आणि अणुऊर्जा प्रकल्प आता झोनच्या आकड्यावर डिझाइन होत नाहीत. त्यांच्यासाठी त्या जागेचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. झोनचा नकाशा तुमच्या-आमच्या इमारतींसाठी आहे.

झोनच्या आकड्याने इमारतीत नेमकं काय बदलतं?

थोडं गणित सहन करा, कारण सगळी गोम यातच आहे.

प्रत्येक झोनला एक गुणांक असतो: झोन २ ला ०.१०, झोन ३ ला ०.१६, झोन ४ ला ०.२४, झोन ५ ला ०.३६. पुण्यात चार मजली निवासी इमारत आहे आणि तिचं वजन १,००० टन आहे असं धरा. डिझाइनसाठी गुणांकाचा निम्मा घेतात, म्हणजे ०.०८. कमी उंचीची इमारत जमिनीपेक्षा जास्त हलते, म्हणून त्याला २.५ ने गुणायचं. आले ०.२०. म्हणजे या इमारतीला बाजूने ढकलणारा जोर २०० टन.

पण डिझाइन २०० टनांना होत नाही. त्याला ५ ने भागतात आणि ४० टनांना करतात. लोकांना इथे धक्का बसतो. कोडने हा भागाकार फुकट दिलेला नाही. त्यामागे अट आहे: इमारत भूकंपात तडकली, वाकली तरी मोडून पडता कामा नये. ओली फांदी वाकते, वाळकी काडकन मोडते. काँक्रीट जात्याच वाळक्या फांदीसारखं, त्याला ओलेपण आणायचं काम पोलादाचं आणि ते बांधण्याच्या पद्धतीचं. त्या पद्धतीचं मानक आयएस १३९२०. झोन ३ आणि त्यावरच्या झोनमध्ये काँक्रीटच्या इमारतींना ते लागू आहे. ते पाळलं नाही तर ५ ने भागण्याचा हक्कच उरत नाही. कागदावर इमारत ४० टनांची, साइटवर तिची ऐपत तेवढीही नाही, असा प्रकार होतो.

हीच इमारत नागपुरात असती तर आकडा २५ टन, कोयनेजवळ ६० टन. आणि पुण्यातच पण इस्पितळ किंवा शाळा असती, तर कोड महत्त्वाच्या इमारतींसाठी जोर दीडपट धरायला लावतो, म्हणून ६० टन. म्हणजे पुण्यातलं इस्पितळ जवळपास कोयनेतल्या घराइतक्या जोराला करायचं. भूकंपानंतर सगळे धावणार तिकडेच, तेव्हा ते सगळ्यांच्या आधी पडून चालणार नाही.

साइटवर गेलो तर काय बघायचं?

रिंगा. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढा घालणाऱ्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवून कॉलमच्या पोटात गेली पाहिजेत. आपल्याकडे टोकं काटकोनात वळवून सोडून द्यायची फार जुनी सवय आहे. सळई बांधणाऱ्या फिटरला विचारलं तर सांगतो, 'साहेब, आम्ही नेहमी असंच करतो.' कॉलम आडवा हलला, बाहेरचं काँक्रीट सुटलं की काटकोनातली रिंग उघडते, सळया बाहेर फुगतात आणि वरचा मजला खाली बसतो. कॉलमच्या खालच्या आणि वरच्या टोकाला, जिथे तो बीमला मिळतो तिथे, रिंगा दाट हव्यात, १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. बीम-कॉलमच्या जोडातही रिंगा हव्यात. तिथे त्या घालणं जिकिरीचं असतं, म्हणून नेमक्या तिथल्याच गाळल्या जातात.

दुसरी गोष्ट कॉलमची जाडी. भिंतीत लपावा म्हणून २३० मिलिमीटरचा कॉलम ठेवायचा, हा पुण्या-मुंबईचा जुना हट्ट. खोलीत कोपरा बाहेर आला की गिऱ्हाईक नाराज होतं. २०१६ च्या आयएस १३९२० प्रमाणे कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर हवी. कोपरा दिसू द्या.

खाली पार्किंग, वर फ्लॅट. याला धोकादायक का म्हणतात?

अहमदाबाद झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मुंबई-पुण्याच्याच पंगतीत. २००१ मध्ये तिथे ज्या इमारती पडल्या त्यांत खाली मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. वरच्या मजल्यांवर कॉलमच्या मधे विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते मजले ताठ राहतात. खाली भिंती नाहीत, नुसते कॉलम. जमीन हलली की सगळी वाकावाकी त्या एका मजल्यावर येते. बरेचदा वरचे चार मजले अखंड राहतात आणि तळमजला नाहीसा होतो.

कोडने यावर उपाय सांगितले आहेत. २००२ च्या आवृत्तीत अशा मजल्यावरचे कॉलम अडीचपट जोराला डिझाइन करायला सांगितलं होतं. २०१६ मध्ये काँक्रीटच्या भिंती किंवा तिरपे आधार देण्यावर भर आला. लिफ्टच्या भोवती काँक्रीटची भिंत असली की काम झालं, असं बिल्डर सांगतात. ती भिंत इमारतीच्या एकाच कोपऱ्यात असेल तर इमारत पिळवटते, म्हणून भिंती दोन्ही दिशांना आणि शक्यतो समतोल मांडणीत हव्यात.

आणि एक. कच्छ तर तेव्हाही नकाशात झोन ५ मध्येच होता, म्हणजे तिथे नकाशाचं काही चुकलं नव्हतं. तरी गुजरातेत तेरा हजारांहून जास्त माणसं मेली. किल्लारीत नकाशा चुकला, कच्छमध्ये बरोबर होता. घरं मात्र दोन्हीकडे पडली, कारण नकाशातला आकडा गवंड्याच्या आणि फिटरच्या हातापर्यंत पोचलेलाच नव्हता.

आमचं गावाकडचं घर दगडी आहे. पाडून आरसीसी बांधावं का?

पाडायची घाई नको. किल्लारीनंतर दगड म्हणजे मरण, अशी धास्ती मराठवाड्यात बसली आणि ती समजण्यासारखी आहे. पण दगडाचा दोष कमी आणि बांधणीचा जास्त होता. भिंती दोन-अडीच फूट आणि काही ठिकाणी त्याहूनही जाड. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे मातीत भरलेले लहान धोंडे. दोन थरांना जोडणारे आरपार दगड नाहीत. वर माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेला मातीचा जाड थर, टनावारी वजन. जमीन हलली की भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, पोट फुगलं आणि सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. काही घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती मात्र ढासळल्या.

आयएस १३८२८ मध्ये अशा भिंतींसाठी सोप्या गोष्टी सांगितल्या आहेत. भिंतीत दर दोन फूट उंचीवर आणि आडवं चार-चार फुटांवर आरपार जाणारा दगड घाला. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी सळईसह काँक्रीट भरा. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली सळईचा काँक्रीट पट्टा सलग फिरवा; कोपऱ्यात तो तुटता कामा नये. खिडकी कोपऱ्याला चिकटवू नका. माळवदावरची जास्तीची माती उतरवा, एवढ्यानेच डोक्यावरचा भार बराच कमी होतो. जुन्या घरातही आरपार भोकं पाडून काँक्रीटचे असे दगड ओतता येतात. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला त्यात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, पण आसपासच्या जिल्ह्यांत लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत केली गेली. त्या दुसऱ्या कामाची चर्चा फारच कमी होते. मला विचाराल तर महाराष्ट्राला शिकवण्यासारखं जास्त तिथेच होतं. नव्या वसाहतींच्या सरळ रेषेतल्या रस्त्यांवर आणि वाड्यातला ओटा हरवलेल्या घरांवर लिहायचं तर वेगळं पान लागेल.

उलट इंजिनिअरशिवाय, तालुक्याच्या ठेकेदाराने अंदाजपंचे चार बोटं सळई घालून केलेलं 'आरसीसी' घर हे चांगल्या बांधलेल्या दगडी घरापेक्षा सुरक्षित असेलच असं नाही.

आम्ही झोन २ मध्ये आहोत. आम्हाला काही करायची गरज आहे का?

हो. किल्लारी झोन १ मध्ये होतं.

पालघरला आणि हिंगोली-नांदेडला धक्के बसत राहिले. मग तिथला झोन का बदलला नाही?

पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. माणसं थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. कच्च्या घरांना तडे गेले. धक्के लहान, पण उथळ असल्याने आवाजासकट जाणवणारे. हिंगोली-नांदेड-परभणीत मार्च आणि जुलै २०२४ मध्ये ४.५ मॅग्निट्यूडचे धक्के बसले.

झोन बदलण्यासाठी एवढं पुरत नाही. लहान धक्के पुढच्या मोठ्याची वर्दी देतात की ताण हळूहळू सोडून देतात, हे आधी सांगता येत नाही. अशा वेळी यंत्रं बसवून भेगा शोधणं, त्यांची लांबी आणि खोली काढणं हे काम होतं. पालघरला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने ते केलं. राज्यात नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) हीही धरणांच्या परिसरातल्या नोंदी ठेवते. या नोंदी साठत जातात आणि पुढच्या नकाशात उतरतात.

झोन बदलायची वाट पाहत बसण्यापेक्षा तिथल्या घरकुल योजनांच्या घरांना काँक्रीटचे पट्टे सक्तीचे करणं जास्त उपयोगाचं. त्याला नकाशा लागत नाही.

एकाच शहरात सगळीकडे सारखाच धोका असतो का?

नाही. पुण्यात टेकडीलगत काळा खडक काही फुटांवर लागतो, मुंबईत भराव आणि खाडीचा चिखल कित्येक मीटर जाड. मऊ जमीन लाटा वाढवते आणि त्यांची लय संथ करते. त्या संथ लयीला उंच इमारती जास्त हलतात. कोड म्हणूनच जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे तीन प्रकार करतो आणि उंच इमारतींसाठी मऊ जमिनीवर जोर वाढवायला लावतो. याच्या पुढची पायरी म्हणजे शहराचा वस्तीनिहाय नकाशा. दिल्ली, गुवाहाटी, जबलपूर, बंगळूर इथे तशी कामं झाली आहेत. तोवर प्लॉटवर माती परीक्षणाची बोरं, म्हणजे जमिनीत खोल छिद्रं घ्यावीत. ती डिझाइनच्या आधी घेतलेली असावीत, बाजूच्या प्लॉटच्या अहवालाची झेरॉक्स नको.

५० वर्षांत १० टक्के शक्यता, असं कधीकधी वाचायला मिळतं. ते काय असतं?

जगातले बरेच देश असा नकाशा वापरतात. एखाद्या जागी जमीन किती जोरात हलेल याचे सगळे संभाव्य भूकंप धरून गणित करतात आणि ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के असेल असा आकडा निवडतात. सरासरी ४७५ वर्षांतून एकदा ओलांडला जाणारा तो आकडा. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी असा अभ्यास २०११ मध्ये झाला. पण २०१६ पर्यंतच्या कोडमधले चार झोन या गणितावर उभे नव्हते, ते ढोबळ पट्टेच होते. ढोबळपणाचा एक फायदा असतो, तालुक्याच्या इंजिनिअरलाही तो पाठ होतो. तोटा रेघेपाशी दिसतो: रस्त्याच्या अलीकडे ०.१०, पलीकडे ०.१६.

कोड पाळणं कायद्याने बंधनकारक आहे की ऐच्छिक?

भारतीय मानक ब्युरो मानक छापते. ते सक्तीचं होतं राज्याच्या आणि पालिकेच्या नियमांमुळे. मुंबईला विकास नियंत्रण नियमावली २०३४ लागू आहे, उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतांश भागाला २०२० ची एकत्रित नियमावली. स्ट्रक्चरल डिझाइन राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे हवं, असं नियम सांगतात, आणि ती संहिता आयएस १८९३ कडे बोट दाखवते. कागदावर साखळी पूर्ण आहे.

प्रत्यक्षात पालिका सहसा स्ट्रक्चरचं गणित तपासत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घेऊन फाइलला लावते. चटईक्षेत्र इंचाइंचाने मोजलं जातं, सळईचा हिशोब कोणी मागत नाही. मोठ्या इमारतींचं डिझाइन दुसऱ्या, त्रयस्थ इंजिनिअरकडून तपासून घेणं सरसकट सक्तीचं झालं, तर नव्या नकाशापेक्षा जास्त फरक पडेल असं माझं मत आहे.

आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय. म्हणजे भूकंपाला सुरक्षित ना?

बहुधा तो प्रश्न ऑडिटमध्ये विचारलेलाच नसतो. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतींचं ऑडिट करावं लागतं. त्यात गळती, गंजलेल्या सळया, सुटलेलं काँक्रीट पाहतात. इमारत स्वतःच्या वजनाने पडणार नाही ना, एवढंच. भूकंपासाठी वेगळी तपासणी लागते. त्याचं मानक आयएस १५९८८. सोसायटीने ऑडिटरला काम देतानाच ते पत्रात लिहून मागावं. कमकुवत कॉलमना बाहेरून सळई-काँक्रीटचं जॅकेट घालणं, पार्किंगमध्ये मोजक्या जागी काँक्रीटच्या भिंती उभारणं, हे उपाय करता येतात. दोन गाड्यांची जागा जाईल म्हणून सभा मोडते, हेही ठाऊक आहे.

फ्लॅट घेताना बिल्डरला काय विचारावं?

स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव, डिझाइन कोणत्या झोनला आणि आयएस १८९३ च्या कोणत्या आवृत्तीला केलं ते, आयएस १३९२० प्रमाणे सळईचं डिटेलिंग आहे का, आणि माती परीक्षणाचा अहवाल. 'आमची बिल्डिंग आठ रिश्टरला टिकते' असं उत्तर मिळालं, तर समोरच्याने ड्रॉइंग उघडून पाहिलेलं नाही असं खुशाल समजा.

घरावर एक मजला चढवायचा आहे. चालेल का?

पायाची आणि कॉलमची मूळ ड्रॉइंगं हातात असतील आणि त्यात वाढीव मजला धरलेला असेल, तर इंजिनिअरला दाखवून ठरवा. मजला वाढला की वजन वाढतं, आडवा जोरही वाढतो आणि तोही उंचीवर, म्हणजे सगळ्यात जाचक जागी. गच्चीवर सळया सोडून ठेवल्यात म्हणून मजला चढवता येतो असं होत नाही. त्या बहुधा वीस वर्षांच्या पावसात गंजलेल्या असतात. ड्रॉइंग नसेल तर पाया उकरून मापं घ्यावी लागतील. तेही जमत नसेल तर चढवू नका. पत्र्याची हलकी शेड फार तर घालता येईल, तीही नीट बांधून आणि परवानगी काढून.